मानेवरचे दोन हात

गंगाखेड,
९ जून २०२४

सिद्धोधन,

अक्षर बघून गोंधळू नको. अक्षर आमच्या धाकट्या स्वप्नाचं आहे, बोलणं माझं. माझ्या बोटांत अजून पेन टिकत नाही. फोन तू उचलत नव्हतास, आता तर नंबरच बंद यायलाय. म्हणून पत्र. पिंगळीच्या पत्त्यावर रजिस्टर करून पाठवायलोय, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायला तुला जागा नको.

मला एकच विचारायचंय. अकरा फेब्रुवारीला तू ते मुद्दाम केलंस का?

लोक हो म्हणतात. आमच्या आप्पांच्या दुकानावर सकाळी जे चारजण पेपर वाचायला बसतात ते तर शपथेवर सांगतात. आठ वर्षं एका संघातून खेळलेला दोस्त वर्षापूर्वी संघ सोडतो, सेमीफायनलला समोर उभा राहतो, जिल्ह्याच्या निवडीला सहा दिवस राहिलेले असतात, आणि त्याच सामन्यात माझी मान मोडते. एवढं सगळं एका जागी आपोआप जमतं का?

स्पर्धेच्या कॅमेरावाल्याचा व्हिडिओ माझ्याकडं आहे. अकरा सेकंदांचा तुकडा. मी मॅटवर पडलेलो, शिट्टी वाजलेली, पंच धावत यायलेत, सगळे माझ्यावरून उठलेत. तू उठलेला नाहीस. तू माझ्या डोक्याशी गुडघ्यावर बसलायस आणि तुझे दोन्ही हात माझ्या मानेवर आहेत. कबड्डी मी दहा वर्षांचा असल्यापासून खेळतो. शिट्टी झाल्यावर कुणाच्या मानेवर हात कशाला लागतात?

तब्येतीचं विचारशील असं वाटत नाही, तरी सांगतो. मानेतला मणका सरकला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला. नांदेडला ऑपरेशन झालं, मानेत पट्टी आणि स्क्रू आहेत. दोन महिने गळ्याखाली काहीच माझं नव्हतं. पाय आधी परत आले. आता वॉकरवर मनगटं टेकवून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. हात मात्र मागं राहिलेत. अशा माराला असंच होतं म्हणे. आईच्या हातानं जेवतो. मागच्या महिन्यात बावीस पूर्ण झाले.

तुझं पोलीस भरतीचं ग्राऊंड जवळ आलंय असं कळलं. कुणाकडून ते सांगणार नाही. आप्पांनी केलेली केस डोक्यावर घेऊन तू कसा पळतोस ते मला बघायचं होतं.

स्वप्ना मघापासून थांबत थांबत लिहायली. विचारलं तर म्हणते हात दुखला. मला नाही वाटत तिचा हात दुखला.

सोमेश्वर


गंगाखेड,
७ जुलै

सिद्धोधन,

हे मी लिहायलोय. परभणीच्या सत्यशीला मॅडम व्यायाम घेतात, त्यांनी पेनाला स्पंज गुंडाळून दिला. एवढ्याला पाऊण तास लागला.

पोचपावती आली. सही शीलाची आहे. तू घरात होतास आणि बहिणीला पुढं केलंस, हो ना? ज्याच्या मनात काही नसतं तो आपलं टपाल आपल्या हातानं घेतो.

ग्राऊंड काढलंस म्हणे.

उत्तर दे.

सो.


गंगाखेड,
४ ऑगस्ट

सिद्धोधन,

मॅडम म्हणतात रोज एक पान लिही, बोटांसाठी. तेव्हा हे पान तुझ्यासाठी आहे असं समजू नको.

काल आपल्या क्लबचे दिनकरराव सर आले होते. इतक्या महिन्यांत दुसऱ्यांदा. खुर्चीवर बसले, माझी मूठ वळते का बघितली, आणि मग बराच वेळ भिंतीवरच्या ढालींकडं बघत बसले. मी सरळ विचारलं, "सर, तुमी मैदानाच्या कडेला होता. काय बघितलं?"

"मी घड्याळाकडं बघत होतो, सोमेश्वर."

"चढाई चालू असताना?"

"तीस सेकंद भरत आले होते." सरांनी चहा तसाच ठेवला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "तुला एक गोष्ट करू नको म्हणलं होतं मी. आठवतं का?"

मी म्हणालो, आठवत नाही.

काय करू नको म्हणले होते ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही. पण सर काहीतरी झाकायलेत हे नक्की. तुझी आणि त्यांची अजून बोलचाल आहे का?

दुसरं असं की आई परवा बोलून गेली. सकाळी पूजेला बसलो होतो. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात हे तुला माहीत आहे. माझा तळहात सपाट पडतो, खोलगट होत नाही, लिंग घरंगळतं. म्हणून आई खालून तिचा हात लावते आणि माझी बोटं मिटवून धरते. तसं धरलेलं असतानाच म्हणाली, "नांदेडला तीन दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसून होता सिद्धोधन. तोंडाला रुमाल बांधून. मी वळखलं त्याला."

"मग?"

"मग काय. तुझ्या आप्पांनी वॉचमनला सांगितलं."

पूजेत लक्ष लागलं नाही त्या दिवशी. तू कशाला आला होतास? मी बोलतो का, काय बोलतो, कुणाचं नाव घेतो, ते ऐकायला? भेटायचंच होतं तर तोंड झाकायचं कारण काय?

तुझी खुन्नस कशाची आहे तेही मला कळतं. आप्पांनी सगळ्या संघाला जर्सी दिल्या आणि त्याच आठवड्यात सरांनी मला कप्तान केलं. त्या वर्षी तू माझ्यापेक्षा चांगला खेळायचास. सगळ्यांना दिसत होतं. मलाही. तू काही बोलला नाहीस, नवी जर्सी घडी करून माझ्या बॅगेवर ठेवलीस आणि गेलास. मी तेव्हा म्हणालो असतो की सर, कप्तान सिध्याला करा, तर झालं असतं. नाही म्हणालो. पण त्याच्यासाठी कुणाची मान मोडतात का?

दीड पान झालं. बोटं आखडली.

सोमेश्वर


गंगाखेड,
१५ सप्टेंबर

सिद्धोधन,

आज जे घडलं ते कुणाला सांगावं कळेना. घरात सांगण्यासारखं नाही. म्हणून पुन्हा तुला.

आठवड्यातून तीनदा परभणीला जातो. आधी आप्पांच्या गाडीतून जायचो, आता एसटीनं, स्वप्ना सोबत असते. वॉकर सुटलाय, काठी आहे. आज मॅडमनी पहिल्यांदा माझी सगळी फाईल मागितली, नांदेडची जुनी कागदं, सुरुवातीच्या फिल्म, सगळं. फिल्म खिडकीला धरून त्यांनी लय वेळ बघितली. मग मला म्हणाल्या, "तुला मैदानावरून कुणी उचललं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"ज्यानं कुणी तुझी मान धरून ठेवली असेल, त्याला तू भेटलास का कधी?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, मान धरून म्हणजे?

त्यांनी भरती करतानाचा कागद माझ्यापुढं ठेवला. सगळं इंग्रजीत होतं, अर्थ त्यांनी सांगितला. रुग्णाला लाकडी फळीवर आडवं आणलं, डोकं-मान दोन्ही बाजूंनी हातानं धरून ठेवलेली होती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "मणका इतका सरकला होता. अशा वेळी लोक काय करतात? बगलेत हात घालून उभं करतात, पाणी पाजतात. तुला तसं उभं केलं असतं तर आज तू माझ्याकडं चालत आला नसतास. श्वाससुद्धा मशीनवर राहिला असता."

खोलीत स्वप्ना होती, आणि एका आजीच्या खांद्याला शेक चालू होता. माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं. मी म्हणालो, "मॅडम, तुमी सिद्धोधनला ओळखता का?"

"कोण सिद्धोधन?"

"पिंगळीचा. खरं सांगा. त्यानं तुमाला सांगायला लावलं का हे?"

मॅडम चिडल्या नाहीत. फिल्म पाकिटात घालत म्हणाल्या, "मी कुण्या सिद्धोधनला ओळखत न्हाई. मी कागद वाचून बोलायलेय. तुला पटत नसेल तर नांदेडला जाऊन विचार."

येताना एसटीत मी स्वप्नाला विचारलं, तू ऐकलंस ना. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पिंगळीचा फाटा गेला तेव्हा तिनं डोळे पुसले. मी बघितलं.

या घरात कुणाला तरी काहीतरी माहीत आहे. आणि तू का गप्प आहेस? हे खरं असेल तर तू पहिल्याच दिवशी ओरडून सांगायला पाहिजे होतंस. का सांगितलं नाहीस?

सोमेश्वर


गंगाखेड,
६ ऑक्टोबर

सिद्धोधन,

स्वप्नाकडं व्हिडिओ होता. पहिल्या दिवसापासून.

बायकांच्या बाजूला बसून तिनं माझी ती चढाई मोबाईलवर घेतली होती. पावणेतीन मिनिटं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच तिनं तो आप्पांना दाखवला. आप्पांनी तिला तो त्यांच्यासमोर काढून टाकायला लावला आणि कुणाला सांगितलं तर तुझं कॉलेज बंद, असं म्हणाले. तिनं त्याआधीच तो स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवला होता. माझ्या या बहिणीनं आरोपांचं पहिलं पत्र लिहून दिलं, पुढची टपालात टाकली, आणि आठ महिने तो व्हिडिओ तिच्याकडं होता. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.

काय दिसतं ते सांगतो, कारण तू ते आतून बघितलंस, बाहेरून नाही.

मी चढाईला येतो. तू डाव्या कोपऱ्यात. मी बोनसला पाय टाकतो, तू घोटा पकडतोस. तुमच्या संघातला गोपाळ आणि त्याच्या शेजारचा, दोघं हाताची साखळी करून माझ्यावर येतात. मी साखळीखालून निसटायला खाली जातो. डोकं आधी. गोपाळ सगळ्या वजनानिशी माझ्या पाठीवर येतो. आणि त्याच क्षणी तुझा हात सुटलेला दिसतो. तू घोटा सोडून दिलायस. पॉइंट जाणार हे माहीत असून सोडलायस. मग गोपाळला ढकलून बाजूला केलंस.

त्यानंतरचे अकरा सेकंद मला पाठ होते. त्यांना आवाज नव्हता. ह्याला आहे. तू ओरडायलास, "हात लावू नका. मान धरलीय मी. फळी आणा, टेबल आणा." लोक मॅटवर घुसलेत. त्यांना वाटायलंय तू मला दाबून धरलंयस. कुणीतरी तुझ्या पाठीत लाथ घालतो. दुसरा तुझी कॉलर ओढतो. तुझी मान मागं जाते, हात हलत नाहीत. त्यानंतरची लाथ कुणाची आहे ते मी ओळखलं. पांढरा सदरा, कपाळावर विभूती. आप्पा.

सकाळी आप्पा दुकान उघडायला निघाले तेव्हा मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "आप्पा, व्हिडिओ बघितला."

त्यांनी किल्ल्या खिशात ठेवल्या. स्वप्नाला हाक मारतील असं वाटलं. नाही मारली. खाटेवर बसले.

"नांदेडला तू भिंतीकडं तोंड करून पडला होतास," ते म्हणाले. "नऊ दिवस. नळीतनं जेवण. डॉक्टर बोलायचे, तुझी आई बोलायची, तू एक शब्द काढत न्हवतास. दहाव्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आले आणि मी तुझ्या कानात त्या पोराचं नाव घेतलं. तवा तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. मला कळलं, हे लेकरू आता जगतंय."

"आणि गोपाळ? माझ्या पाठीवर तर गोपाळ पडला होता. त्याचं नाव का न्हाई घेतलं कानात?"

आप्पांनी खिशातल्या किल्ल्या पुन्हा बाहेर काढल्या.

"गोपाळचे वडील सितारामकाका रोज आपल्या दुकानावर पेपर वाचतात म्हणून?"

"त्या पोरावर लोकांचा लगेच इश्वास बसला," आप्पा म्हणाले. "मला काही सांगावंच लागलं न्हाई."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. खरं आहे. दुकानावर तुझं नाव निघालं की लोक आधी तुझं आडनाव घ्यायचे. आठ वर्षं घ्यायचे. मी तिथंच बसलेला असायचो.

सोमेश्वर


गंगाखेड,
२७ ऑक्टोबर

सिध्या,

मागच्या पत्रात सगळं आप्पांवर टाकून मी मोकळा झालो, असं तुला वाटलं असेल. मलाही तीन आठवडे तसंच वाटत होतं. ते खरं नाही.

मी बेशुद्ध नव्हतो. पोलिसांना, डॉक्टरला, आईला, सगळ्यांना मी सांगितलं की मान मोडल्यावरचं मला काही आठवत नाही, फक्त मानेवर कुणाचे तरी हात दाबलेले आठवतात. पण मला सगळं आठवतं. तुझा चेहरा उलटा दिसायचा, वरून. घामाचे थेंब माझ्या कपाळावर पडायचे. तू म्हणायलास, "सोम्या, हलू नको. माझ्याकडं बघ. डोळे मिटू नको." मी विचारलं, "सिध्या, माझे पाय कुठायत?" तू म्हणालास, "हायेत, हायेत, इथंच हायेत." गाडीतही तूच होतास. दवाखान्याच्या दारापर्यंत.

आणि सरांनी काय करू नको म्हणलं होतं ते. डुबकी. साखळीखालून निसटताना माझं डोकं खाली जातं म्हणून त्यांनी महिनाभर आधी मला डुबकी मारायला बंदी केली होती. सामन्याच्या सकाळीसुद्धा सांगितलं. मी मारली, कारण समोर तू होतास आणि तुझ्या हातातून निसटून दाखवायचं होतं.

नांदेडला त्या खाटेवर पडल्यापडल्या माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. एक, हे मी माझ्या हातानं केलं. दुसरी, हे तू केलंस. आप्पांनी कानात नाव घेतलं आणि मी दुसरी उचलली. ती घेऊन रोज उठता यायचं. पुढं पुढं मी ती इतक्यांदा बोललो, इतक्यांदा तो तुकडा बघितला, की उलट्या चेहऱ्याचं स्वप्न पडलं तर मी स्वतःला सांगायचो, हे खोटं आहे, औषधांमुळं दिसायलंय.

शुक्रवारी ठाण्यात जाऊन आलो. आप्पांनी गाडी दिली नाही, ऑटोनं गेलो, स्वप्ना होती. पाच पायऱ्या आहेत, कठडा नाही. चढलो. जमादार तेच, नांदेडला आलेले. मी म्हणालो मला जबाब पुन्हा द्यायचा आहे, आधीचा खोटा आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी धमकी दिली का?"

"न्हाई."

"गावातून कुणी सांगितलं? समाजातून दबाव?"

"न्हाई साहेब."

"मग आठ महिन्यांनी कशी आठवण झाली?" त्यांनी स्वप्नाला बाहेर बसवलं आणि तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. तासभर. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. शेवटी त्यांनी जुना जबाब काढला. त्याच्यावर सही नाही, अंगठा आहे. माझे हात तेव्हा मेलेले होते. आप्पांनी माझं मनगट धरून अंगठा शाईत बुडवला होता आणि कागदावर टेकवला होता. मी बघत होतो. मला बोलता येत होतं. नको म्हणता आलं असतं.

नव्या जबाबावर मी सही केली. वाकडी आली, पण नाव वाचता येतं. व्हिडिओ दिला. साहेब म्हणाले, अहवाल कोर्टात जाईल, खोटा जबाब दिल्याबद्दल तुला पण प्रश्न विचारले जातील, तयारी ठेव. ठेवलीय.

माफी मागत नाही. मागायची कशी तेच कळत नाही.

सोम्या


पिंगळी,
२४ नोव्हेंबर

सोमेश्वर,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं शीलानं घेतलं, कारण मी त्या वेळी रनिंगला गेलो होतो. एवढंच कारण होतं.

तू विचारलंस मी ओरडून का सांगितलं नाही. सांगितलं होतं. ठाण्यात सांगितलं, पंचांना सांगितलं, दिनकरराव सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मला मध्ये घेऊ नको, मला त्याच गावात क्लब चालवायचाय." नांदेडला तोंड झाकून बसलो, कारण आदल्या दिवशी तोंड न झाकता आलो होतो तेव्हा तुझ्या मामांनी खाली पार्किंगमध्ये मारलं. त्याच्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं. जितकं सांगावं तितकं लोक जास्त बारकाईनं बघायले, हा एवढा का सांगायलाय म्हणून.

आता तुझी पत्रं. आधीची पाच मी एका बैठकीत वाचली. शेवटचं अर्ध्यात ठेवलं, जिथं तू लिहिलंस की तुला आठवत होतं. दोन दिवस उचललं नाही. मला वाटायचं तू बेशुद्ध होतास. त्या एका गोष्टीवर मी नऊ महिने तुझा राग येऊ दिला नव्हता. आईला सांगायचो, त्याला माहीत नाही गं, माहीत असतं तर तो बोलला असता.

म्हणून आता तुझ्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवू? हे पत्र तू लिहिलंस, का वकिलानं सांगितलं म्हणून लिहिलंस? जबाब बदलला तो मनातून, का व्हिडिओ बाहेर येईल म्हणून आधीच? मी हे टोचून बोलायला लिहीत नाही. मला खरंच कळत नाही.

भरतीच्या यादीत माझं नाव आहे. चारित्र्य पडताळणीवर अडकलंय. परवा ठाण्यातून फोन आला, अहवाल गेला म्हणून. लागेल का नाही कुणी सांगत नाही. लागलं तर तुझ्यामुळं लागलं असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नको.

तू ठाण्यात खरं सांगितलंस. ठाण्यात दोन माणसं होती. माझं नाव दुकानासमोर खराब झालं. बाजाराच्या दिवशी, जे पेपर वाचतात त्यांच्यासमोर, सितारामकाका बसलेले असताना, तुझ्या आप्पांच्या गल्ल्यापुढं उभा राहून सांग. आडनावासकट नाव घेऊन सांग.

सांगून झालं की कळव. मग बघू.

सिद्धोधन


गंगाखेड,
९ डिसेंबर

सिद्धोधन,

सांगितलं.

सकाळी दहाला, बाजार भरल्यावर. काठी घरी ठेवून गेलो, ते चुकलं, कारण पाय थरथरायले आणि लोकांना वाटलं मला बरं नाही. सितारामकाका होते. बाकीचे तिघं होते. साखर-पोहे घ्यायला आलेली पंधरा-वीस माणसं असतील. मी तुझं नाव घेतलं, आडनावासकट. चढाई कशी झाली ते सांगितलं, डुबकी मी मारली, मान माझी मी मोडून घेतली, त्यानं लाथा खाऊन धरून ठेवली, आणि मी शुद्धीवर असून खोटं बोललो. तूच सांगितलंस म्हणून गोपाळचं नाव घेतलं नाही. तू तसं सांगितलं नव्हतंस हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. ते मीच टाळलं. तेवढं राहिलं.

एका बाईनं पिशवी उचलली आणि न घेताच गेली. सितारामकाकांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "पोराच्या मेंदूला पण मार लागलेला हाय, डॉक्टर घरच्यांना सांगत नसतात." शेजाऱ्यानं मान डोलावली. दुपारपर्यंत हेच बाजारभर झालं होतं. संध्याकाळी सरांचा फोन आला, तब्येत कशी आहे विचारायला. मी काय बोललो ते त्यांना कळलं होतं, पण त्यांनी फक्त तब्येत विचारली.

तेव्हा तुझं नाव धुऊन निघालं असं मी लिहू शकत नाही. काहींनी ऐकलं असेल. मला कळायला मार्ग नाही. रस्त्यानं जाताना लोक माझ्याकडं बघतात आणि बोलणं थांबवतात, हे मात्र झालंय.

आप्पा गल्ल्यावर होते. मी बोलत असताना त्यांनी मान वर केली नाही. एक माणूस अर्धा किलो शेंगदाणे मागत होता, त्यांनी एक किलो तोलून दिले. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आईशीही नाही.

काल जेवताना अचानक त्यांनी विचारलं, "तो पिंगळीचा पोरगा रविवारी घरी असतो का?"

मी विचारलं, कशाला. ते उठून हात धुवायला गेले. आई माझ्याकडं बघायली, मी आईकडं. इतक्या वर्षांत मला आप्पांचा चेहरा वाचता यायचा, काल आला नाही. माफी मागायला यायचंय की केस मागं घ्यायच्या आधी तुला काही लिहून द्यायला लावायचंय, का अजून काही, मला ठरवता येत नाही. आज सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तू सांग, काय सांगू.

सोमेश्वर